तिसऱ्या ओळीचा निकाल

सासूबाई गाडी चालवण्याच्या परीक्षेत सहाव्या खेपेला पास झाल्या, तेव्हा आनंद व्हायच्या आधी घरच्यांना घाम फुटला.

घरचे म्हणजे दोघंच, मुलगा आणि सूनबाई. सासूबाईंनी मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षं भूमिती शिकवली होती. निवृत्त झाल्यावर चारचौघींसारखं गुडघे चोळत बसायचं सोडून त्यांनी मोटार शिकायचं मनावर घेतलं. गाडी पुढे नेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मागे घ्यायची म्हटली की मात्र त्यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. परीक्षा केंद्राच्या मैदानात सात नारंगी शंकू मांडलेले असत आणि त्यांच्या मधल्या जागेत गाडी उलटी घालायची असे. एक शंकू पडला तर माफ, दोन पडले की नापास. पहिल्या खेपेला सासूबाईंनी चार पाडले, दुसऱ्या खेपेला पाच. तिसऱ्या खेपेला एकही पडला नाही, कारण गाडी शंकूंपर्यंत पोचलीच नाही. ती कुंपणात गेली. चौथ्या आणि पाचव्या खेपेबद्दल त्या घरात बोलू देत नसत.

परीक्षक एक उंच, वाळकुडा, कधीही न हसणारा गृहस्थ होता. उमेदवार त्याला फुलीमास्तर म्हणत, कारण त्याच्या हातून बरोबरची खूण क्वचितच उमटे. त्याचं आणि सासूबाईंचं पहिल्याच दिवशी वाजलं. शंकू चुकीच्या कोनात मांडले आहेत असं सासूबाईंचं ठाम मत होतं आणि ते त्या दर खेपेला, कागदावर आकृती काढून, त्याला पटवून देत. तो आकृती घडी घालून खिशात ठेवे आणि फुली मारे.

अशा बाई सहाव्या खेपेला पास झाल्या. कशा झाल्या ते त्यांनी सांगितलं नाही. "झाले," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बहिणीची जुनी गाडी घरी आणली आणि मुलाला फाटक दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडून ठेवायला सांगितलं.

सूनबाईला यात काहीच वावगं दिसलं नाही. खरं तर दिसायला हवं होतं, कारण त्या केंद्राचं निकालाचं पेज तिनेच बनवलं होतं. ती ज्या कंपनीत होती ती कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली, एक मालक आणि ती स्वतः. मालक येईल त्या गिऱ्हाइकाला येईल ते काम उद्याच देतो म्हणून सांगायचा, म्हणून खालचे टायरवाले त्याला उद्याच म्हणायचे आणि हळूहळू सूनबाईही मनातल्या मनात तेच म्हणायला लागली होती. केंद्राचं कामही असंच एका उद्यावर घेतलेलं. परीक्षकाच्या हातातल्या टॅबवर त्या दिवसाच्या उमेदवारांचा तक्ता दिसायचा. एकेक ओळ उघडून त्याने शेरा लिहायचा, पास किंवा नापास दाबायचं, की ती ओळ त्याच्यासमोरून निघून जायची आणि निकाल बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर लागायचा. वशिल्याला वाव नको म्हणून तक्त्यात नावं नव्हती, नुसते क्रमांक. आपली सासू कोणत्या क्रमांकाने तिथे शंकू पाडते आहे याची सूनबाईला कल्पना नव्हती, आणि असावी अशी इच्छाही नव्हती.

दोन आठवड्यांनी केंद्राकडून तक्रार आली. उद्याचने ती तिच्या टेबलावर ठेवली आणि एका ओळीचं काम आहे, दुपारपर्यंत संपेल, असं सांगून तो चहाला गेला.

तक्रार एका क्रेनवाल्याची होती. हा माणूस वीस वर्षं क्रेन चालवत होता, दहा मजली उंचीवर काचेची तावदानं न तडकवता ठेवत होता, आणि आता कामासाठी छोट्या गाडीचं लायसन्स लागलं म्हणून परीक्षेला बसला होता. त्याने एकही शंकू पाडला नव्हता, तरी त्याला नापास केलं होतं. वर त्याच्या नावाने असा शेरा होता:

"उमेदवाराने सातही शंकू पाडले. शंकू चुकीच्या कोनात मांडले आहेत असे सांगितले. तसेच फाटकावरील पाटीत 'परीक्षा' या शब्दातली री दीर्घ हवी, असे दोन वेळा सुनावले."

खाली क्रेनवाल्याने आपल्या अक्षरात लिहिलं होतं, की शंकूंचं एक वेळ सोडा, पण दीर्घ री म्हणजे काय हे त्याला ठाऊकसुद्धा नाही, आणि ठाऊक नसलेली गोष्ट तो कुणाला दोनदा कशी सुनावेल.

सूनबाईने शेरा एकदा वाचला. मग खुर्ची मागे सरकवून उठली, खिडकीशी जाऊन खालचे टायर पाहिले, आणि परत येऊन दुसऱ्यांदा वाचला. सात शंकू जगात कुणीही पाडू शकतं. पण सातही पाडून झाल्यावर त्याच दमात पाटीवरचं शुद्धलेखन काढणारी व्यक्ती तिच्या माहितीत एकच होती, आणि त्या व्यक्तीच्या हातचा डबा आत्ता तिच्या पिशवीत होता.

मग तिने स्वतःचाच कोड उघडला. आपण दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं वाचताना माणसाला जे वाटतं ते तिला वाटलं, म्हणजे हे कोणत्या गाढवाने लिहिलं. पेज दर पाच सेकंदांनी सर्व्हरकडून अख्खा तक्ता मागवत होतं, समोरचा पुसून टाकत होतं आणि नवा पहिल्यापासून काढत होतं. एका उमेदवाराच्या पुढे एक खूण बदलली तरी चाळीसच्या चाळीस ओळी नव्याने. त्यात केंद्राच्या नोंदणीच्या खिडकीवर नवा उमेदवार आला की तो सर्वांत वर बसे आणि बाकीचे सगळे एकेक पायरी खाली उतरत. आणि परीक्षकाने कोणती ओळ उघडली आहे हे पेज लक्षात ठेवत होतं ते उमेदवाराच्या क्रमांकाने नाही. वरून कितवी, एवढंच.

त्या दिवशी काय झालं ते नोंदींवरून तिला अर्ध्या तासात सापडलं. फुलीमास्तरने आधी क्रेनवाल्याची आणि मग सासूबाईंची परीक्षा घेतली होती आणि दोघांचे निकाल भरायला तो झाडाखाली उभा राहिला होता. क्रेनवाला तक्त्यात दुसऱ्या ओळीवर, सासूबाई तिसऱ्या. त्याने तिसरी ओळ उघडली आणि सासूबाईंबद्दल मनात साठलेलं सगळं लिहायला घेतलं. एवढं लिहायला वेळ लागणारच. तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी आलं, वर एक ओळ वाढली, क्रेनवाला घसरून तिसरा झाला आणि सासूबाई चौथ्या. फुलीमास्तर मान खाली घालून लिहितच होता. त्याने नापास दाबलं ते क्रेनवाल्याच्या डोक्यावर बसलं आणि ती ओळ निघून गेली. बाईंचं काम झालं, आता उरला तो चांगला चालवणारा, अशा समजुतीने त्याने मग उरलेल्या क्रमांकासमोर पास दाबलं.

दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी तिने चाळल्या. असं आणखी कुठे झालं नव्हतं. बहुधा दुसऱ्या कुणाबद्दल फुलीमास्तरला एवढं लांबलचक लिहावंसं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. नवरा हसून हसून कठड्याला धरून राहिला. मग गंभीर झाला, आणि गंभीर झाल्यावर तो नेहमीच सोयीचं बोलतो तसं बोलला. क्रेनवाल्यावर अन्याय झाला आहे ना, मग त्याची ओळ नीट कर, आईची ओळ आहे तशी राहू दे. तो खूश, आई खूश, कुणाचं काय बिघडतं.

सूनबाईने तसं करायचं जवळजवळ ठरवलंच होतं. यात तिचा दोष नाही. सासूबाईंशी तिचं चांगलं चालायचं आणि ते तसंच चालू राहावं असं तिला वाटत होतं. शिवाय बरेच दिवसांत तिने त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. त्या हल्ली भाजी चिरताना शीळ घालायच्या.

पण सकाळी सासूबाई म्हणाल्या, चल, तुला ऑफिसला सोडते. नाही म्हणायला काही कारण सुचेपर्यंत ती गाडीत बसलेली होती. फाटकातून बाहेर पडण्यासाठी गाडी उलटी काढावी लागे. सासूबाईंनी आरशात बघितलं, मान वळवून बघितलं, मागे काही नाही असं जाहीर केलं आणि समोरच्या घराच्या चार कुंड्या, एक टपालपेटी आणि टपालपेटीचा खांब घेऊन रस्त्यावर आल्या. मग काच खाली करून त्यांनी समोरच्यांना सांगितलं, की पेटी मुळातच भिंतीला समांतर नव्हती. पुढे ऑफिसपर्यंत त्यांनी गाडी अगदी सुरेख चालवली. सूनबाईला त्यातलं काही दिसलं नाही, कारण तिने डोळे मिटले होते.

ऑफिसात पोचल्यावर ती आधी पाणी प्यायली. मग कामाला लागली. पेजने आता अख्खा तक्ता मागवायचा नाही. मागच्या वेळेनंतर ज्या ओळी बदलल्या तेवढ्याच मागवायच्या. आलेली ओळ तिच्या क्रमांकाने शोधायची, तिच्यातलं जे बदललं तेवढंच बदलायचं, बाकीच्यांना धक्का लावायचा नाही. नवे उमेदवार खाली. आणि परीक्षक ज्या ओळीवर लिहीत बसला आहे ती ओळ त्याचं लिहून होईपर्यंत जागची हलता कामा नये. दोन दिवस लागले. उद्याचने बघितलं आणि नाक मुरडलं. पूर्वी सगळा पडदा लुकलुकायचा तेव्हा काहीतरी चाललंय असं वाटायचं, आता गिऱ्हाइकाला कळणार कसं आपण काम केलं ते. म्हणून त्याने बदललेली ओळ तीन सेकंद पिवळी करायला लावली, आणि मोकळी जागा उरली आहे म्हणून मोठ्या पडद्यावर निकालाच्या शेजारी शेराही टाकायला लावला. तिने पिवळ्यावर वाद घातला. शेऱ्यावर घालायला हवा होता.

दोन ओळी दुरुस्त करायच्या राहिल्या होत्या. त्याआधी घरी बोलणं भाग होतं.

सासूबाई ओट्याशी भांडी पुसत होत्या. सूनबाईने सुरुवातीला बरंच गोल गोल फिरवलं. सासूबाईंनी हातातलं पातेलं पुसून जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मुद्द्यावर ये."

ती मुद्द्यावर आली. सगळं सांगून होईपर्यंत सासूबाईंनी आणखी दोन पातेली पुसली.

"आई, तुम्हाला तेव्हा काहीच शंका आली नाही?"

"अगं, सातही पाडले होते. शेवटचा तर चाकाखाली अडकून फाटकापर्यंत आला माझ्याबरोबर. मला काय दिसत नव्हतं?"

"मग?"

"मला वाटलं, त्याला पटलं." सासूबाईंनी फडकं पिळलं. "सहा वेळा आकृती काढून दिली त्याला. म्हटलं, घरी जाऊन नीट बघितली असेल शेवटी. म्हणून काही बोलले नाही. समजूतदारपणाने वागणाऱ्या माणसाला लाजवू नये."

 त्या लायसन्ससाठी शीळ घालत नव्हत्या, हे सूनबाईच्या आत्ता लक्षात आलं. तेहेतीस वर्षं वर्ग शिकवलेल्या बाईला एका मठ्ठ विद्यार्थ्याला एकदाचं समजल्याचा आनंद झाला होता, आणि तो तिने आत्ता काढून घेतला होता.

"म्हणजे त्याने नाही केलं पास," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या तक्त्याने केलं."

"हो."

"आणि तो असं का करतो?"

सूनबाईने समजावलं. सासूबाई वहीतली चूक शोधायची सवय असलेल्या नजरेने ऐकत होत्या.

"थांब. म्हणजे एका मुलीचे मार्क भरायचे, तर तू अख्खं हजेरीबुक फाडून नवीन लिहीत होतीस?"

"हो."

"दर पाच सेकंदांनी?"

"हो."

"आणि कोणत्या मुलीचे मार्क, तर नाव बघून नाही, रांगेत कितवी उभी आहे ते बघून?"

"हो, आई."

"हे तुला कॉलेजात शिकवलं की घरी सुचलं?"

नवरा दारात उभा होता. तो लगबगीने दुसऱ्या खोलीत गेला.

पुढची पंधरा मिनिटं सासूबाईंचं नापास होणं बाजूला राहिलं आणि सूनबाईचं चाललं. शेवटी सासूबाईंना नव्या पद्धतीबद्दल विचारावंसं वाटलं. आता फक्त बदललेल्या ओळीच बदलतात, असं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, मग माझी ओळ काही बदललेली नाही, ती कशाला बदलतेस. हे त्या थट्टेत म्हणाल्या की खरंच, ते सूनबाईला कळलं नाही.  सासूबाईंनी आतून लायसन्स आणून टेबलावर ठेवलं.

"त्या क्रेनवाल्याने काय घोडं मारलं होतं कुणाचं? दोन्ही ओळी नीट कर. पण माझ्यासमोर कर. मला बघायचंय."

म्हणून गुरुवारी सकाळी अकरा वाजता सूनबाई केंद्राच्या आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती, शेजारी फुलीमास्तर हाताची घडी घालून उभा होता, आणि काचेपलीकडे बाहेरच्या खोलीत पंचवीस-तीस उमेदवार बसले होते. पहिल्या बाकावर सासूबाई होत्या. त्यांच्या शेजारी, मुद्दाम बोलावून घेतलेला क्रेनवाला. दारातून वाकून आत यावं लागेल असा धिप्पाड माणूस, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून शाळेतल्यासारखा बसलेला. ते दोघं एकमेकांना ओळखत नव्हते.

तिने परीक्षेच्या दिवसाचा जुना तक्ता पडद्यावर लावून आधी क्रेनवाल्याची ओळ दुरुस्त केली. मोठ्या पडद्यावर बाकी सगळं स्थिर राहिलं आणि तेवढी एक ओळ पिवळी झाली: उत्तीर्ण. क्रेनवाला उठला आणि आजूबाजूच्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करू लागला, त्यात सासूबाईही आल्या.

मग तिने दुसरी ओळ बदलली. जुनं पेज असतं तर सगळा पडदा एकदा लुकलुकला असता आणि त्या गडबडीत कुणाच्या काही ध्यानात आलं नसतं. आता चाळीस ओळी स्तब्ध उभ्या होत्या आणि त्यात एकच ओळ हळदीसारखी पिवळीजर्द झाली. अनुत्तीर्ण. शेजारी शेरा, मोठ्या अक्षरात, पूर्ण.

खोलीने तो वाचला. मागच्या बाकावरचा एकजण ओठ हलवत वाचत होता, त्याला सात शंकूंपासून दीर्घ रीपर्यंत यायला जरा वेळ लागला आणि तो आल्यावर हसला. मग दुसरा हसला. दोघी-तिघी उठून फाटकावरची पाटी बघायला बाहेर गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, रि ऱ्हस्वच आहे.

सूनबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काचेतून तिला सासूबाईंची फक्त पाठ दिसत होती, आणि ती अगदी ताठ होती. फुलीमास्तरने पहिल्यांदाच तोंड उघडलं. पाटी रंगवायची ऑर्डर त्याने दोन वर्षांपूर्वीच दिली आहे, पण मागवलं की तिकडून नेहमी ऱ्हस्वच येते, असं तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

सासूबाई उठून खिडकीशी गेल्या आणि लायसन्स परत करायचं आहे म्हणाल्या. खिडकीवरच्या बाईंकडे परत करण्याचा फॉर्म नव्हता, हरवल्याचा होता. त्यांनी सुचवलं, हरवलं असं लिहा. सासूबाई म्हणाल्या, हरवलेलं नाही, हे काय हातात आहे. बाई म्हणाल्या, मग परत घेता येणार नाही. यावर दहा मिनिटं गेली. शेवटी फुलीमास्तर आतून आला, त्याने लायसन्स घेतलं, खिशातून घडी घातलेल्या सहा कागदांचा जुडगा काढला, त्यात ते ठेवलं आणि जुडगा पुन्हा खिशात घातला. सासूबाईंनी ते कागद ओळखले. त्या सातव्या खेपेची तारीख घेऊन बाहेर पडल्या.

फाटकाशी क्रेनवाला थांबला होता. दीर्घ री म्हणजे तुम्हीच का, असं त्याने विचारलं. हो म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, रविवारी आमचं यार्ड रिकामं असतं. या. पण तिथं बोलायचं नाही, नुसतं माझ्या हाताकडे बघायचं."

त्या गेल्या. क्रेनच्या कामात आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून सगळं हाताच्या खुणांवर चालतं. मूठ म्हणजे थांब, बोट फिरवलं की वळव, तळवा खाली म्हणजे सावकाश. क्रेनवाल्याने शंकूंच्या जागी रिकामी पिंपं ठेवली आणि स्वतः मागे उभा राहिला. ती जागा त्याने मुद्दाम निवडली होती, माणूस दिसला की बाई ब्रेक दाबतील म्हणून. पहिल्या रविवारी सासूबाईंनी दोनदा काच खाली करून कोनाबद्दल काही सांगायला घेतलं. त्याने मूठ दाखवली. तिसऱ्या रविवारी त्यांनी काच वरच ठेवली. सूनबाई एकदा सोबत गेली होती. तिने पाहिलं की सासूबाई घामाघूम झाल्या आहेत, ओठ घट्ट मिटले आहेत, आणि गाडी पिंपांच्या मधून वीत-वीत मागे येते आहे. सासूबाईंना एवढा वेळ गप्प तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

सातव्या खेपेला दोन शंकू पडले. आठव्या खेपेच्या दिवशी सूनबाई ऑफिसात पेज उघडून बसली, आणि उद्याच मागे उभा राहून आपलं पिवळं किती छान दिसतं ते सांगत होता. साडेदहाला एक ओळ पिवळी झाली. अनुत्तीर्ण. सासूबाईंनी सकाळी सांगितलेल्या क्रमांकाशी तिने ती ताडून पाहिली, पण तो क्रमांक दुसराच होता. दहा मिनिटांनी दुसरी झाली. उत्तीर्ण, आणि शेऱ्याच्या रकान्यात तीनच शब्द: एक शंकू पडला.

लायसन्स घरी आलं त्या दिवशी सासूबाईंनी आपणहून टपालपेटीवाल्यांकडे जाऊन नवा खांब बसवून दिला, भिंतीला समांतर. तेव्हापासून त्या रोज गाडी काढतात आणि चांगली चालवतात. फक्त मागे घेत नाहीत; घरीसुद्धा फाटकाच्या आत न घालता रस्त्यावरच ठेवतात. जिथून सरळ पुढेच निघता येईल अशीच जागा बघून थांबतात, मग त्यासाठी शहराला अर्धा वळसा पडला तरी चालतो. सूनबाई त्यांच्यासोबत जाते तेव्हा ऑफिसला पोचायला पाऊण तास जास्त लागतो, आणि उद्याचने उशिराचं कारण विचारलं की ती खरं सांगत नाही.